काचेवरचे बोट, कागदावरचा हात

चोपडा तालुक्यातील एका केळी उत्पादक पालकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी अकरावी विज्ञान शाखेत शिकते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा ती ‘अ’ श्रेणीत उत्तीर्ण झाली असून, गेले वर्षभर मोबाईलवर बोटाने चित्रे काढते आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या तिच्या आतेभावाने तिला सांगितले की यापुढे चित्रकार पडद्याला स्पर्श करून किंवा हवेत हात फिरवूनच काम करतील आणि कागदावरचा सराव हा वेळेचा अपव्यय आहे. त्यावरून तिने पंचाहत्तर हजारांच्या पेन डिस्प्लेचा, म्हणजे ज्याच्या पडद्यावरच पेनने चित्र काढता येते अशा यंत्राचा, हट्ट धरला आहे. पालक विचारतात : “केळीच्या भावाचा भरवसा नाही, तरी मुलीसाठी कर्ज काढायची माझी तयारी आहे. पण हे यंत्र घ्यावे का, आणि या कामावर तिचे पोट भरेल का?”

स. न. वि. वि.

आपले पत्र दोनदा वाचले, आणि सोबत पाठवलेली चारही चित्रे पाहिली. कर्ज काढू नका, हे आधी सांगतो. मात्र आपला भाचा सर्वस्वी चुकीचे सांगतो आहे असा याचा अर्थ नाही. त्याने अर्धी गोष्ट नीट पाहिली आहे, म्हणून त्या अर्ध्या गोष्टीपासूनच सुरुवात करतो.

मोबाईलच्या काचेला बोट लागले की तेथील विद्युतधारितेत बदल होतो आणि त्यावरून यंत्राला बोटाची जागा कळते. परंतु बोट किती जोराने टेकले आहे, हे त्याला नीटसे कळत नाही. आपल्या मुलीच्या चारही चित्रांतील रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची आहे, हे आपल्याही लक्षात आले असेल. तो तिच्या हाताचा दोष नाही, कारण तिच्या ग्रेड परीक्षेच्या कागदाचे जे छायाचित्र आपण पाठवले आहे त्यात सुरईच्या कडेची रेघ सावलीकडे दाट होत जाते आणि उजेडाकडे जवळजवळ विरून जाते. ग्राफिक टॅबलेटची, म्हणजे पेनने चित्र काढण्यासाठी संगणकाला जोडायच्या पाटीची, रचना वेगळी असते. त्याच्या पृष्ठभागाखाली तारांची जाळी असते, ती क्षीण चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, आणि पेनमधील छोटे वेटोळे त्याच क्षेत्रातून ऊर्जा घेऊन उलट संकेत पाठवते. म्हणूनच या प्रकारच्या पेनला बॅटरी लागत नाही. दाबाच्या २०४८ पातळ्या तर अगदी साध्या टॅबलेटलाही ओळखता येतात. इतर अनेक यंत्रांत त्या ८१९२ किंवा त्याहूनही अधिक असतात, परंतु शिकणाऱ्या हाताला हा फरक जाणवेल असे मला वाटत नाही.

मग स्पर्शाचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो प्रामुख्याने डाव्या हातासाठी आहे. लग्नघरी मेंदी काढणारी बाई उजव्या हातात कोन धरते आणि डाव्या हाताने नवरीचा तळवा क्षणाक्षणाला वळवून घेते. तिचा डावा हात बांधून ठेवला, तर तिला वेलीचे एक वळणही धड काढता येणार नाही. यीव गियार या फ्रेंच संशोधकाने १९८७ मध्ये दोन हातांच्या या श्रमविभागणीवर लिहिले. लिहिण्याच्या कागदाखाली कार्बन ठेवून त्यांनी दाखवले की पानभर मजकूर लिहिणाऱ्याचे पेन प्रत्यक्षात टेबलाच्या लहानशा भागावरच फिरते, कारण उरलेले काम कागद सरकवणारा दुसरा हात मुकाट्याने करत असतो. संगणकावरच्या चित्रकाराचा हा दुसरा हात माऊस आणि कीबोर्डने अनेक वर्षे अडकवून ठेवला होता. आता दोन बोटांनी चित्र फिरवता येते, लहान-मोठे करता येते. आयपॅडवरील प्रोक्रिएट या चित्रकलेच्या अ‍ॅपमध्ये दोन बोटे टेकवली की चुकलेली रेघ मागे घेतली जाते आणि तीन टेकवली की ती परत येते. ही सोय खरोखरच मोठी आहे. तरीही चित्र काढताना तळहाताचा स्पर्श होऊन भलतीच रेघ उमटते म्हणून कित्येक कसलेले चित्रकार स्पर्शाची सोय बंदच करून ठेवतात.

हवेत हात फिरवून काढायच्या चित्रांविषयी मी अधिक सावध आहे. २०१३ मध्ये लीप मोशन नावाची छोटी डबी बाजारात आली. ती संगणकासमोर ठेवली की अवरक्त कॅमेऱ्यांनी दहाही बोटांच्या हालचाली टिपत असे, आणि आता माऊस संपला असे तेव्हाही बोलले गेले. प्रत्यक्षात, टेकायला काहीच नसताना हात उचलून धरला की थोड्याच वेळात खांदा भरून येतो. या क्षेत्रातील लोक त्याला ‘गोरिला आर्म’ म्हणतात. २०१६ साली गूगलचे टिल्ट ब्रश हे सॉफ्टवेअर आले आणि डोळ्यांवर यंत्र चढवून त्रिमिती अवकाशात रंग ओढता येऊ लागला. जानेवारी २०२१ मध्ये गूगलने त्याचा विकास थांबवून त्याची संगणकीय संहिता सर्वांसाठी खुली केली. शिल्पासारख्या त्रिमिती कामात या पद्धतीला जागा आहे आणि पुढेही राहील. परंतु ज्या साधनाचे आयुष्य एका पदवीहून फारसे मोठे नाही, त्यासाठी आपण त्याहून लांब मुदतीचे कर्ज घ्यावे, हे मला पटत नाही.

आता कागदाविषयी. बारावीनंतर आपल्या राज्यात बीएफए या ललित कलेच्या पदवीच्या प्रवेशासाठी जी सीईटी होते, तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र हाताने काढावे लागते. आयआयटी मुंबईतर्फे घेतल्या जाणाऱ्या ‘यूसीड’ परीक्षेला कोणत्याही शाखेची बारावी चालते आणि तिच्या गुणांवर मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, हैदराबाद अशा आयआयटींत बी.डेस. या डिझाइनच्या पदवीला प्रवेश मिळतो. तिचा पहिला भाग संगणकावर असला तरी दुसऱ्या भागात कागदावर चित्र काढावे लागते. ही परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत, जास्तीत जास्त दोनदाच देता येते, म्हणून पहिली संधी ‘बघू तरी’ म्हणून वाया घालवू नये. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षाही हातातल्या पेन्सिलीला सुटी देत नाही. म्हणजे ज्या दारातून आपल्या मुलीला या व्यवसायात शिरायचे आहे, त्या दारावर अजून कागदच मागितला जातो.

धुळ्याच्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत माझ्याच हातून चूक झाली होती, ती येथे सांगणे योग्य ठरेल. त्याच्या उत्साहाला भुलून मी त्याच्या वडिलांना महागडा पेन डिस्प्ले घेण्यास होकार दिला. वर्षभरात मुलाने ब्रशचे शेकडो प्रकार गोळा केले, परंतु प्रवेश परीक्षेत चालत्या माणसाचे चित्र काढण्याची वेळ आली तेव्हा मागे घ्यायला दोन बोटांची सोय नव्हती, आणि पहिली रेघ चुकल्यावर तो तेथेच अडकून पडला. त्या वर्षी त्याचा प्रवेश हुकला.

म्हणून आपल्या मुलीने रोज एक तास कागदावरच काम करावे, आणि विषयासाठी कोठे दूर जाण्याची गरज नाही. आपल्याच बागेत कापणी चालू असताना घड खांद्यावर घेऊन वाहनाकडे जाणाऱ्या माणसाची मान कोणत्या बाजूला कलते, दुसरा हात तोल कसा सांभाळतो, ओझे उतरल्यावर पाठ कशी सरळ होते, हे तिने दोन-दोन मिनिटांत टिपावे, आणि खोडरबर घरी ठेवून जावे. १९३६ मध्ये शेजारच्या यावल तालुक्यात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा नंदलाल बोस यांनी परिसरात सहज मिळणाऱ्या बांबूसारख्या वस्तूंतून तेथील सजावट उभी केली होती, ही गोष्टही तिला जरूर सांगा. अजिंठा तर जळगावहून सुमारे साठ किलोमीटरवर आहे. तेथे मोबाईल खिशात ठेवून एक पूर्ण दिवस भित्तिचित्रांतील हातांच्या बोटांच्या रेघा पाहण्यात घालवावा.

उपजीविकेविषयी थोडक्यात लिहितो. पुस्तकांची चित्रे, अ‍ॅनिमेशन, गेममधील पात्रे व पार्श्वभूमी, कापडावरील नक्षी ही कामे आज बहुतांशी पेन आणि टॅबलेटवरच होतात, परंतु सुरुवातीची दोन-तीन वर्षे मिळकत बेताची असते हे गृहीत धरावे. आपली मुलगी विज्ञान शाखेची असल्यामुळे तिला आणखी एक वाट मोकळी आहे, आणि तिचा विचार आपण कोणीच केलेला दिसत नाही. बोटांनी काय केले असता पडद्याने कसा प्रतिसाद द्यावा, हे ठरवणे हाच एक स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याला इंटरॅक्शन डिझाइन म्हणतात, आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात त्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. ‘मोबाईलवर चित्र काढताना अमुक बटण अंगठ्याखाली येते म्हणून मला राग येतो,’ हे तिचे वाक्य आपण पत्रात तक्रार म्हणून लिहिले आहे. मला ते तिच्या पात्रतेचे लक्षण वाटते. गणित तिने सोडू नये.

सध्या चार-पाच हजारांच्या आसपास मिळणारा, पडदा नसलेला साधा पेन टॅबलेट घ्यावा आणि घरच्या संगणकावर क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर टाकावे. नजर पडद्यावर आणि हात खाली, याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्यात कंटाळून तिने टॅबलेट बाजूला ठेवला, तर पंचाहत्तर हजार वाचले असे समजा. वर्षभराने तिला त्याची मर्यादा खरोखर जाणवू लागली, तर मोठ्या यंत्राचा विचार करू. त्या वेळी दुकानदाराने दाखवलेली रंगीत चित्रे पाहत बसू नका; काचेवर पट्टी ठेवून मुलीला एक तिरपी रेघ अगदी सावकाश ओढायला सांगा. पट्टी सरळ असूनही पडद्यावरची रेघ नागमोडी उमटली, तर यंत्र तेथेच ठेवून परत या.