मेंटेनन्स थकवणाऱ्यांचं पाणी तोडावं का?

तुमच्या सोसायटीत चार-पाच जण मेंटेनन्स देत नाहीत आणि सेक्रेटरी त्यांचं पाणी बंद करायचं म्हणताहेत, ते चालेल का, असा तुमचा प्रश्न. अजिबात करू नका. पाणी तोडलं की थकबाकी राहते बाजूला आणि पोलिसात तक्रार कमिटीवर होते.

त्या चार-पाचांत एखादा "आम्ही तळमजल्यावर राहतो, लिफ्टचे पैसे कशाला?" म्हणणारा असणारच. मला त्याच्याबद्दल बोलायचंय.

आमची बिल्डिंग कोल्हापुरात, रमणमळ्याच्या बाजूला. 2019 च्या महापुरात मी खजिनदार होतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. ते आमच्या गेटला लागलं त्या संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकांच्या आईंना आम्ही प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर नेलं. मागनं फ्रिज, गाद्या, धान्याचे डबे, सगळं लिफ्टनंच. रात्री लाईट गेली. शहराला पाणी देणारं शिंगणापूरचं उपसा केंद्र पाण्याखाली गेल्यामुळं शहरभर नळ कोरडे होते. टँकर आला की पोरं घागरी जिन्यानं वर आणायची, त्यातली एक काकांच्या घरची असायची. कुणी हिशेब मांडला नाही आणि मांडायचाही नसतो.

पूर ओसरल्यावर लिफ्टच्या खड्ड्यात गुडघाभर गाळ. पाण्याच्या पंपाची मोटर उद्यमनगरात रिवाइंडिंगला टाकली. लिफ्टवाल्यानं खालची वायरिंग, स्विच सगळं बदलायला सांगितलं. मीटिंग घेऊन वर्गणी ठरवली. काकांनी पंपाचे पैसे त्याच दिवशी दिले. लिफ्टचं नाव निघालं तसं सगळ्यांसमोर म्हणाले, "मी लिफ्ट वापरत नाही." आई शेजारीच बसलेल्या. त्यांनी मान खाली घातली.

ज्यांना अजूनही शंका आहे त्यांनी आदर्श उपविधी, म्हणजे हाउसिंग सोसायट्यांसाठीचे नमुना नियम, उघडून वाचावेत. लिफ्टची देखभाल, दुरुस्ती आणि ती चालवायचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांवर समान, मग लिफ्ट वापरा नाहीतर वापरू नका. सेवाशुल्कही प्रत्येक फ्लॅटला सारखंच, वन बीएचके असो की थ्री. पाणीपट्टी तेवढी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. आणि थकबाकीवर सरळव्याज वर्षाला 21 टक्क्यांपर्यंत लावता येतं.

वसुलीचा रस्ताही सरळ आहे. आधी लेखी नोटीस, मग कमिटीचा ठराव, मग सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडं वसुली दाखल्याचा अर्ज. पूर्वी हे सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खाली चालायचं, 2019 च्या दुरुस्तीनंतर हाउसिंग सोसायट्यांसाठी 154ब-29 आहे. दाखला निघाला की जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते, म्हणून बरेच जण नोटिशीवरच जागे होतात. ग्रुपवर नावं टाकून भांडण वाढतं, पैसे येत नाहीत. त्यापेक्षा दर महिन्याचा हिशेब बिलांच्या झेरॉक्ससकट बोर्डावर लावा. "पैसे जातात कुठं?" हे तोंड तिथंच बंद होतं.

आमच्या काकांनीही नोटीस गेल्यावर व्याजासकट पैसे भरले. पण मीटिंगमधलं ते वाक्य त्यांनी मीटिंगमध्येच मागं घ्यायला पाहिजे होतं, ते आजतागायत घेतलेलं नाही. व्याज सोडलं असतं मी, ते वाक्य सोडणार नाही.

एक राहिलंच. हे सगळं नोंदणीकृत सहकारी सोसायटीसाठी. कोल्हापुरात बऱ्याच इमारती 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. तिथं खर्च समान नसतो, घोषणापत्रात प्रत्येक फ्लॅटचा जो टक्का लिहिलाय त्या प्रमाणात वाटला जातो, आणि मोठ्या फ्लॅटवाल्याला जास्त भरावे लागतात. तुमची सोसायटी खरंच सोसायटी आहे की नुसतं तसं म्हणायची सवय, हे नोंदणीचा दाखला काढून आधी बघा. नोटिशीत कलम चुकलं तर थकबाकीदाराला आयतं निमित्त मिळतं.