आणतो कोण ते नंतर बघ

अगं,

तुझा मेल काल रात्री वाचला, सकाळी पुन्हा वाचला. लॉ स्कूलच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी ‘मला दोन्ही बाजू पटतात’ असं लिहिते तेव्हा तिचे प्रोफेसर खूश होत असतील. मी वैतागलो. 4 ऑगस्ट 2026 ला आपल्या कॅन्सस राज्याच्या मतपत्रिकेवर ‘दोन्ही बाजू पटतात’ असा रकाना नसणार. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे सातही न्यायाधीश यापुढे थेट निवडणुकीने यावेत का, एवढाच प्रश्न असेल.

तुझा मुद्दा कळला. आत्ता न्यायाधीश निवडतं ते नऊ जणांचं निवड मंडळ, त्यात पाच वकील, तेही वकिलांनीच निवडून दिलेले. उरलेले चार बिगर-वकील, गव्हर्नरने नेमलेले. मंडळ तीन नावं पाठवतं, गव्हर्नर त्यातलं एक उचलतो. म्हणजे सगळा वकिलांचा कारभार, लोक कुठे आहेत? वर तुझे बाबा जेवताना भारतातल्या कॉलेजियमचा, म्हणजे न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडण्याचा, विषय काढतात आणि तू आणखी गोंधळतेस.

तुम्ही सगळे दाराशीच अडकून बसता. न्यायाधीश आत कसा आला, कोणी आणला, कोणाचा माणूस. मी इतकी वर्षं कोर्टात उभा राहून एकच गोष्ट शिकलो: आणतो कोण हे नंतर बघ. त्याला घालवू कोण शकतं आणि किती दिवसांनी, हे आधी बघ.

आयोवाचं बघ, आपल्यापासून गाडीने काही तासांवर. 2009 मध्ये वार्नम खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क दिला. सात न्यायाधीश, सातांचं एकमत, निकाल लिहिला मार्क केडी यांनी. आयोवातही आपल्यासारखीच पद्धत आहे. मंडळ नावं देतं, गव्हर्नर नेमतो, आणि मग ठरावीक वर्षांनी मतपत्रिकेवर प्रश्न येतो की यांना ठेवायचं का. समोर उमेदवार नाही, पक्ष नाही, फक्त हो किंवा नाही. 2010 च्या नोव्हेंबरमध्ये तिघांची पाळी आली: सरन्यायाधीश मार्शा टर्नस, मायकेल स्ट्रीट, डेव्हिड बेकर. राज्याबाहेरच्या संघटनांनी पैसा ओतला. या तिघांनी प्रचार समिती काढली नाही, वर्गणी मागितली नाही. न्यायाधीशाने ते करू नये असं त्यांना वाटत होतं. तिघेही गेले. 1962 मध्ये ही पद्धत आल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

आता पुढचं नीट वाच. निकाल ज्यांनी लिहिला त्या केडींची पाळी 2016 मध्ये आली. तोवर वारं बदललं होतं, लोकांनी त्यांना ठेवलं. निकाल तोच, सह्या त्याच. कोणाची खुर्ची जाणार हे कॅलेंडरने ठरवलं. आणि ज्या हक्कासाठी हे सगळं झालं तो हक्क जागेवरच राहिला. मग त्या मतदानाने काय साधलं? पुढच्या न्यायाधीशाला भीती घातली, बस.

तू म्हणशील, काका, हे तर तुमच्याच लाडक्या पद्धतीतलं उदाहरण झालं. बरोबर. म्हणूनच सांगतोय. आपल्याकडेही त्याच खाचा आहेत. 2014 मध्ये फाशीच्या एका निकालावरून आपल्या दोन न्यायाधीशांविरुद्ध मोहीम झाली आणि ते थोडक्यात राहिले. 2016 मध्ये चौघांना लक्ष्य केलं, तेही राहिले. कॅन्ससमध्ये आजवर एकही गेलेला नाही म्हणून मी निश्चिंत झोपतो असं समजू नकोस.

पण आता येऊ घातलंय ते याहून वाईट. हो-नाहीच्या मतदानात निदान समोर कोणी नसतं. निवडणुकीत दर सहा वर्षांनी समोर माणूस उभा, त्याच्यामागे पैसा उभा. वेस्ट व्हर्जिनियात 2004 मध्ये कोळसा कंपनीच्या प्रमुखाने, डॉन ब्लँकेनशिपने, सुमारे 30 लाख डॉलर खर्च केले. कंपनीवर 5 कोटी डॉलरचा निवाडा झाला होता आणि अपील याच न्यायालयात जाणार होतं. सगळे सांगतात की त्याने ब्रेंट बेंजामिनना निवडून आणलं. पण तो पैसा मुख्यतः गेला खुर्चीवर बसलेल्या वॉरन मॅकग्रॉ यांना पाडायला! लक्षात येतंय का? पुढे बेंजामिन त्या अपिलातून बाजूला झाले नाहीत, निकाल तीन विरुद्ध दोन असा कंपनीच्या बाजूने लागला, आणि 2009 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला, तेही पाच विरुद्ध चार मतांनी, सांगावं लागलं की बाबा रे, इतकं झाल्यावर तू बसायला नको होतंस.

विस्कॉन्सिनचं तर तू टीव्हीवर पाहिलंसच. 2025 मध्ये एका जागेसाठी दहा कोटी डॉलरच्या आसपास चुराडा.

आपल्याकडची जुनी गोष्टही विसरू नकोस, नाहीतर मी मंडळाची भलामण करतोय असं वाटेल. पूर्वी कॅन्ससमध्येही निवडणूकच होती. 1956 मध्ये गव्हर्नर फ्रेड हॉल स्वतःच्या पक्षातच हरले. मग त्यांच्या मर्जीतले, आजारी असलेले सरन्यायाधीश निवृत्त झाले, जानेवारीत हॉलनी राजीनामा दिला, उपगव्हर्नर मॅक्युइश अकरा दिवसांचे गव्हर्नर झाले आणि त्यांनी हॉलना सर्वोच्च न्यायालयातल्या त्या रिकाम्या खुर्चीवर नेमलं. लोक एवढे चिडले की 1958 मध्ये घटना बदलून हे मंडळ आणलं. ज्याला तू वकिलांचा कारभार म्हणतेस तो लोकांनीच मतदान करून आणलेला आहे. आणि या मंडळाने फक्त एकाच रंगाची माणसं पाठवली असंही नाही. कट्टर रिपब्लिकन गव्हर्नर ब्राउनबॅक यांचेच माजी मुख्य वकील केलेब स्टेगॉल 2014 मध्ये याच मंडळाच्या यादीतून सर्वोच्च न्यायालयात आले. 2019 च्या गर्भपाताचा हक्क मान्य करणाऱ्या निकालात सहा विरुद्ध एक, तो एक म्हणजे तेच.

बाबांना माझ्यातर्फे यू. आर. लळितांची आठवण करून दे. मुंबई उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायाधीश होते. आणीबाणीत विद्यार्थ्यांना जामीन दिला आणि त्यांना कायम केलं गेलं नाही. पुढे मुलगा देशाचा सरन्यायाधीश झाला हा भाग वेगळा. लळितांना आणलं कोणी, हे आज किती जणांना सांगता येईल? कायम करणं ज्यांच्या हातात होतं त्यांनी काय केलं, ते मात्र वकिलीतल्या जुन्या माणसांना आजही आठवतं.

हा हट्ट मी पुस्तकातून उचललेला नाही. या राज्यात काही जिल्ह्यांत जिल्हा न्यायाधीश आजही पक्षाच्या नावावर निवडून येतात. अशाच एका जिल्ह्यात मी उमेदीची वर्षं काढली. एकदा टपालाने जाड, पांढरं पाकीट आलं. आत एका न्यायाधीशाच्या प्रचारासाठी न्याहारीचं आमंत्रण, सोबत पोस्टेज भरलेलं छोटं पाकीट आणि एक कार्ड: शंभर, अडीचशे, पाचशे, पुढे चौकोन. त्याच महिन्यात माझं एक प्रकरण त्यांच्यासमोर होतं. ते सभ्य गृहस्थ होते, माझ्या चेकवर त्यांनी निकाल दिला नसता. पण माझा अशील मला विचारत होता, ‘समोरच्या वकिलाने किती दिले?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मला स्वतःला न्यायाधीश व्हायचं होतं, हे तुला कोणी सांगितलं नसेल. तिथे व्हायचं तर अशी पाकिटं मलाही पाठवावी लागली असती, ज्यांची प्रकरणं ऐकायची त्यांनाच. मी उभा राहिलो नाही. काकू म्हणते, तुला हरण्याची भीती होती. असेलही थोडी, आपलं नाव या लोकांना उच्चारताही येत नव्हतं. पण आज विचारशील तर हळहळ आहेच, आणि तरी निर्णय बरोबर होता असंच मी म्हणेन. काकूसमोरसुद्धा.

माझ्या मनातलं विचारशील तर मॅसॅच्युसेट्ससारखं असावं: एकदा नेमलं की सत्तरीपर्यंत कोणी विचारायचं नाही. ऱ्होड आयलंडमध्ये तर तहहयात. कोणी का आणेना, गव्हर्नर आणो, मंडळ आणो, अगदी एकदाच लोकांनी निवडून दिलेला असला तरी मी भांडणार नाही. खुर्ची परत मागायला लावू नका, एवढंच. ते या ऑगस्टच्या मतपत्रिकेवर नाही. जे आहे ते दर सहा वर्षांनी मागायला लावणारं आहे, आणि आजच्यापेक्षा जास्त लाचार करून. मी ‘नाही’ म्हणणार. तुला ‘हो’ म्हणायचं असेल तर म्हण, पण कारण मला लिहून कळव, आणि त्यात ‘घालवणार कोण’ याचं उत्तर हवं. ‘लोक’ असं एका शब्दात लिहिलंस तर मेल परत पाठवीन. कोणते लोक, कोणाच्या पैशाने, कोणत्या वर्षी, ते लिही.

तू लॉरेन्समध्ये खोली बदललीस असं आई म्हणाली. पत्ता बदलला असेल तर मतदार नोंदणीतही बदल, मतदानाच्या एकवीस दिवस आधी ती बंद होते. पक्षाची नोंदणी नसली तरी घटनादुरुस्तीच्या प्रश्नावर मत देता येतं. केंद्रावरच्या बाईंनी ‘आज फक्त प्रायमरी, पक्षांचे उमेदवार ठरवायचं मतदान, आहे’ म्हणून परत पाठवायचा प्रयत्न केला तर हलू नकोस.

काका