गिटारच्या ब्रिजचा हंबकर १४ किलोओहमचा आहे, तो नेकच्या सिंगल कॉइलपेक्षा खूप जोरात वाजतो. पिकअप बदलू का?

बदलू नका, आधी स्क्रूड्रायव्हर घेऊन उंची बदला. (पिकअप म्हणजे तारेचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा, चुंबक आणि तांब्याच्या तारेच्या वेढ्यांचा भाग; एका वेटोळ्याचा तो सिंगल कॉइल, दोन वेटोळ्यांचा तो हंबकर. ब्रिजचा म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तिथला, नेकचा म्हणजे गिटारच्या मानेजवळचा.) पण '१४ किलोओहमचा आहे' हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण याच आकड्यापायी माझा एक अख्खा कार्यक्रम वाया गेलाय.

मी ऑर्केस्ट्रात वाजवायचो. गिटार तुमच्यासारखीच, ब्रिजला हंबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल. आमच्यातल्या एका ज्येष्ठ गिटारवाल्याने, आम्ही त्याला दादा म्हणायचो, मल्टिमीटर लावून सांगितलं, "आठ किलोओहमच आहे रे, सोलोला दम कुठून येणार?" आणि सिरॅमिक चुंबकाचा १४चा पिकअप बसवायला लावला. घरी डिस्टॉर्शनवर (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या इफेक्टवर) वाजवून पाहिलं, मस्त. डिस्टॉर्शनमध्ये लहानमोठा सगळा आवाज एका उंचीवर येतो, त्यामुळे फरक कळलाच नाही.

गणपतीत साताऱ्याजवळच्या एका गावात कार्यक्रम होता. पहिल्याच गाण्यात क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शनशिवायच्या आवाजात ब्रिजवर आलो, साउंडवाल्याने फेडर खाली ओढला. परत नेकवर गेलो तर मी ऐकूच येईना. गायिका मागे वळून बघतेय. पुढे दर कडव्याला करंगळीने व्हॉल्यूम ७ वर आणायचा, म्हणजे वरची धार गेली. मध्यंतरात दादा म्हणाला, नेक आणि मधला पिकअप तारांकडे वर घे. घेतले, आणि जास्तच बिघडलं. जाड ई (E) तार बाराव्या फ्रेटच्या वर दोन सूर देऊ लागली, ट्यूनर ठरेना.

सिंगल कॉइलमध्ये प्रत्येक तारेखाली असणारे धातूचे खांब बहुधा स्वतःच चुंबक असतात, फार जवळ आणले की तार ओढतात. हंबकरमध्ये चुंबक खाली आडवा असतो, ओढ कमी. म्हणून समतोल साधताना सिंगल कॉइल वर आणायचे नाहीत, हंबकर खाली न्यायचा. त्या रात्री घरी येऊन तेच केलं, काम झालं.

शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तारेपासून खांबापर्यंत मोजा. व्हिंटेज पद्धतीच्या सिंगल कॉइलला जाड ईखाली २.४ मिमी, बारीक ईखाली २ मिमी इथून सुरुवात करा. मग क्लीन आवाजात एकाच जोराचा स्ट्रोक मारत दोन्ही पिकअप सारखे वाजेपर्यंत स्क्रू पाव पाव फेरा फिरवत हंबकर खाली न्या. ब्रिजपाशी तार कमी हलते, नेकपाशी जास्त. त्यामुळे ब्रिजला थोडा ताकदीचा पिकअप हवाच. फेंडरच्या १९५४च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारला तिन्ही पिकअप सारखेच होते, तिचा ब्रिज त्यामुळेच बारीक वाजतो.

आता ओहम. दादा आजही ऐकत नाही, म्हणून इथे लिहितो. ओहम म्हणजे तांब्याच्या तारेचा रोध, आउटपुट नव्हे. तेवढेच वेढे ४२ऐवजी ४३ गेजच्या बारीक तारेने घाला, ओहम वाढतील, चुंबक तोच. आणि तांब्याचा रोध दर १० अंशांना साधारण ४ टक्के वाढतो. तोच पिकअप डिसेंबरच्या पहाटे १४ दाखवेल आणि मे महिन्याच्या दुपारी १५च्या वर. दुपारी गिटार जास्त जोरात वाजते का? चुंबक कुठला, वेढे किती, तारेपासून अंतर किती, यावर आवाज ठरतो. एकाच कंपनीचे, एकाच चुंबकाचे आणि तारेचे दोन पिकअप असतील तर ओहमची तुलना थोडीफार उपयोगी पडते, तेवढं मान्य.

हंबकर पूर्ण खाली नेऊनही जड वाटला, तर मात्र कमी वेढ्यांचा घ्या. G तार एकटीच जोरात वाजत असेल तर पिकअपला दोष देऊ नका. जुन्या धाटणीच्या उंचसखल खांबांत G चा खांब वर असतो, कारण तेव्हा G तार वरून दुसरी तार गुंडाळलेली असायची. बॅटरीवाल्या पिकअपना वरचे आकडे लावू नका, ते तारा फारशा ओढत नाहीत, जवळ चालतात.

मल्टिमीटर टाकून देऊ नका मात्र. आतली तार तुटलीय का, हे त्याच्यावर लगेच कळतं.