मे महिन्यात नागपुरातून वर्क फ्रॉम होम: एसी घेऊ, कूलर घेऊ की परत पुण्याला जाऊ?

परत जायची गरज नाही. तुमच्या प्रश्नाचा गाभा एवढाच: मानेवाड्याला वरच्या मजल्यावरचं घर, मे-जून तिथूनच काम, दिवसभर कॉल, पैसे नेमके कशावर घालावेत, कूलरच्या ओलाव्याने लॅपटॉप बिघडतो का आणि इन्व्हर्टरला १५० अँपिअर-तासाची एक बॅटरी पुरेल का.

उन्हाळा म्हटला की आयटीवाला सगळ्यात आधी निळे दिवे लागणारा कूलिंग पॅड मागवतो. नागपुरात गोष्टी बंद पडण्याचा क्रम वेगळा आहे. आधी इंटरनेट जातं, मग माणूस आडवा होतो आणि लॅपटॉपचा नंबर शेवटी लागतो. खर्चही त्याच क्रमाने करा.

कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं शहराच्या उशाला असताना लाइन जातेच कशी, असं बाहेरची मंडळी विचारतात. वीज कमी पडून ती फारशी जात नाही, गल्लीतल्या डीपीवर, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीवर जाते. रात्री साडेदहाला अख्ख्या लेआउटचे एसी एकदम सुरू झाले की फ्यूज उडतो आणि माणूस येऊन तो बांधेपर्यंत तुम्ही अंधारात. मे अखेरीस वादळ आलं की झाडाची फांदी तारेवर पडते, तो खंड आणखी मोठा.

म्हणून पहिली खरेदी राउटरचा छोटा डीसी यूपीएस, म्हणजे लाइन गेली की राउटरला बॅटरीवर चालवणारा डबा. हजार ते दोन हजारात येतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचं लेबल वाचा. १२ व्होल्ट १ अँपिअर, १२ व्होल्ट दीड अँपिअर किंवा ९ व्होल्ट, असं काहीतरी असेल. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर यूपीएसचे जास्त असले तरी चालतात. फायबरचा डबा आणि वायफाय राउटर वेगळे असतील तर दोघांनाही पुरवठा लागेल, नाहीतर वायफाय पूर्ण दिसतं आणि इंटरनेट मात्र गायब. खोक्यावरच्या ‘१०,००० एमएएच’ला भुलू नका. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ३७ वॉट-तास. १२ व्होल्टवर नेताना थोडी घट धरली तर हातात तीसेक उरतात. दोन्ही डबे मिळून १२ वॉट घेत असतील तर अडीच तास चालतील.

एक बारीक गोष्ट, जिच्यापायी अर्धे यूपीएस परत जातात. यूपीएसच्या गोल प्लगचा बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर, पण आतलं छिद्र २.१ किंवा २.५. छिद्र २.१ चं आणि राउटरमधली पिन २.५ ची असेल तर प्लग आत जातच नाही. उलट असेल तर जातो, पण सैल बसतो. मग टेबलाला धक्का लागला की राउटर रीस्टार्ट होतो आणि तुम्ही कस्टमर केअरशी भांडत बसता.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण आधी बघा. ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’वर असेल तर लाइन जाताना क्षणभर जास्त खंड पडतो आणि फायबरचा डबा पुन्हा लाइन पकडेपर्यंत तुमची दोन-चार मिनिटं जातात. ‘यूपीएस’वर ठेवलं तर बहुतेकदा कॉल तुटत नाही. फक्त त्या मोडला व्होल्टेज व्यवस्थित लागतं. संध्याकाळी तुमच्याकडे १७० पर्यंत उतरत असेल तर लाइन असूनही इन्व्हर्टर बॅटरीवरच चालत राहील आणि खरी लाइन जाईल तेव्हा बॅटरी रिकामी सापडेल. अशा घरात इन्व्हर्टर ‘नॉर्मल’वर आणि राउटर डीसी यूपीएसवर, हीच जोडी बरी.

कनेक्शन घेतानाच विचारून घ्या: फायबर घरापर्यंत येते की चौकातल्या खांबावरच्या डब्यापर्यंत आणि पुढे साधी केबल? घरापर्यंत येत असेल तर वाटेतल्या स्प्लिटरला (एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या डबीला) सहसा वीज लागत नाही. खांबावर स्विच असेल तर त्या डब्याची लाइन गेली की तुमचा यूपीएस कितीही दणकट असो, उपयोग शून्य.

दीडशेच्या बॅटरीचं गणित सोपं आहे. १५० अँपिअर-तास गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॉट-तास. बॅटरीचं आयुष्य जपायचं तर ६० टक्केच वापरा आणि इन्व्हर्टरची घट वजा करा, हातात ९०० राहतात. लॅपटॉप ४५, मॉनिटर २५, बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा ३०, फायबर-राउटर १५, ट्यूब २०, एकूण १३५ वॉट. साडेसहा तास निघतात. त्यावर १८० वॉटचा कूलर टाकलात की तीन तासांच्या आत. जुना पंखा ७५ वॉट खातो, त्यामुळे दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखा बदला. कूलर चालवायचाच असेल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइनसारखी सुरळीत वीज देणारा घ्या. स्क्वेअर वेव्हवर मोटर घुंई करते आणि तापते. बॅटरी गच्चीच्या जिन्याखालच्या तापलेल्या कोपऱ्यात ठेवू नका, उष्णतेने तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी बघून डिस्टिल्ड वॉटरच घाला. आरओचं नाही, आणि एसीच्या नळीतून ठिबकणारंही नाही. त्यात धूळ आणि कॉइलचा धातू उतरलेला असतो.

आता माणूस. कूलरच घ्या आणि तोही खिडकीबाहेर स्टँडवर बसणारा. दुपारी ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असली तर ओल्या ताट्यांतून येणारी हवा २८-२९ पर्यंत उतरते. मुंबईत हाच कूलर नुसता दमट वारा देतो, नागपुरात तो काम करतो कारण इथली हवा कोरडी ठाक असते. पण आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट पाहिजे. समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं ठेवा. खोली बंद करून बसलात तर थोड्याच वेळात अंग चिकचिकतं. लोक म्हणतात कूलर बिघडला. खोलीत ठेवायचे प्लास्टिकचे कूलर तीच ओली हवा फिरवत राहतात, म्हणून ते माझ्या यादीत नाहीत.

मोठा कूलर भर दुपारी तासाला १० लिटर पाणी सहज पितो. ६० लिटरची टाकी दहाला भरली तर बरोबर चारच्या रिव्ह्यू कॉलला संपते आणि पंप कोरडा चालून जळतो. ओव्हरहेड टाकीतून नळी घेऊन फ्लोट (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा) बसवा. स्मार्ट प्लग लावून मोबाइलवरून कूलर सुरू करण्याचा मोह टाळा. अ‍ॅपला टाकीत पाणी आहे की नाही ते कळत नाही. फ्लोट नसेल तर पाणी भरायचं ते बादलीनेच.

आणि भरताना प्लग काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून चालत नाही, वायरिंग उलटं असेल तर बटण न्यूट्रलवर असतं आणि पत्र्यात करंट राहतो. पंपाची वायर क्षाराने आणि उन्हाने तडकते. कूलरला हात लागून जीव जाण्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. तीन पिनचा प्लग, चालू अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारं बटण), यात काटकसर नको. अर्थिंग आहे की नुसतं भोक आहे, ते वायरमनकडून तपासून घ्या.

लॅपटॉपला त्या ओलाव्याने काही होत नाही. त्याची मर्यादा साधारण ३५ अंश आजूबाजूच्या तापमानाची, आणि बंद वरच्या मजल्याची खोली दुपारी ती सहज ओलांडते. म्हणजे कूलर उलट त्याच्या मदतीलाच येतो. धोका तुषारांचा आहे. वुडवूलमध्ये (ताट्यांतल्या लाकडी तंतूंत) भोक पडलं किंवा पंप जास्त पाणी सोडत असला की पातं थेंब ओढतं आणि बोअरच्या पाण्यातला क्षार टेबलापर्यंत येतो. बंद मॉनिटर एक दुपार समोर ठेवा, काळ्या काचेवर पांढरे ठिपके दिसले तर वुडवूल दाबून भोक बुजवा आणि पाण्याची धार कमी करा. टेबल कूलरच्या सरळ रेषेत नको, बाजूला पाच-सहा फूट असावं. पत्र्याच्या कूलरपलीकडे राउटर ठेवू नका. पत्रा आणि पाणी दोन्ही वायफाय अडवतात.

तरीही लॅपटॉप गुरगुरत असेल तर मागची बाजू दोन बोटं उचला आणि विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ करा. टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो, तापमान चांगलंच उतरतं, कोड लिहिताना फरक कळत नाही. कंपनीच्या लॅपटॉपवर हे कुलूपबंद असेल. आयटी विभागाकडे तिकीट टाकून ठेवा, पावसाळ्यापर्यंत उत्तर येईल. कूलरचा आवाज कॉलवर जाऊ नये म्हणून सॉफ्टवेअरची नॉइज सप्रेशन जोरात लावलीत तर तीही प्रोसेसर तापवते, म्हणून तोंडाजवळ माइक असणारा हेडसेट घ्या.

एसी वाईट नाही, पण तो घरच्या इन्व्हर्टरवर चालत नाही. लाइन गेली की तुम्ही बंद खोलीत. बजेट उरलं तर दीड टनाचा घ्या, कारण जूनच्या मध्यात पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि कूलर हात टेकतो. तोवर गच्चीवर हिरवी नेट आणि चुना, खर्च किरकोळ. कूलर बंद केलात की टाकी रिकामी करून कोरडी पुसा, आणि चालू असतानाही आठवड्यातून एकदा पूर्ण उपसा. डेंग्यूचे डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतात आणि मनपाची माणसं अळ्या शोधायला आली की कूलरची टाकी बघतातच.