शेक संपले, आता दाढ काढून टाकूया का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही निपाणीजवळच्या खेड्यात राहतो. मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, गालाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, मग 33 शेक (किरणोपचार, रेडिएशन) दिले. त्याला दोन वर्षं होत आली. आजार परत आलेला नाही, पण तोंड सारखं कोरडं पडतं म्हणून दिवसभर लिंबाच्या गोळ्या चघळतात. दात मुळाशी तपकिरी होऊन तुटायला लागलेत. खालची एक दाढ रात्रभर ठणकते. आत्ती, म्हणजे सासूबाई, तिच्यावर मिश्री दाबायला देतात. इथले दाताचे डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटांचं काम आहे, काढून टाकू. शेक होऊन एवढे दिवस झाले, तर आता काढायला हरकत नाही ना?

उत्तर : ताई, हरकत आहे. शेकाचा कागद बघितल्याशिवाय ती दाढ कुणालाही काढू देऊ नका. त्या डॉक्टरांना शेकाचं सांगितलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सांगितलं नसेल तर आज फोन करून सांगा.

डोक्या-मानेच्या कॅन्सरला साधारण 60 ते 70 ग्रे (ग्रे म्हणजे किरण मोजायचं माप) एवढे किरण सहा-सात आठवड्यांत दिले जातात. त्यात खालच्या जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आटतात. एरवी दाढ काढल्यावर खड्डा भरून येतो, कारण हाडाला रक्त मिळतं. इथे ते पुरेसं मिळत नाही. जखम उघडी राहते, हाड मरतं, कधी हनुवटीखालून पू वाहतो, कधी जबडा मोडतो. आणि हा धोका वर्षं गेली म्हणून संपत नाही. दोन वर्षांनी आहे तसा दहा वर्षांनीही असतो. वरच्या जबड्याला रक्तपुरवठा जास्त, म्हणून तिथे धोका कमी. मामांची दाढ नेमकी खालची आहे.

म्हणून आधी कागद मिळवा. आपल्याकडची अडचण मला रोज दिसते : उपचार कोल्हापूर-मिरजेला, राहणं कर्नाटकात. फाइल तिकडे राहते आणि दात इकडे दुखतो. जिथे शेक घेतले तिथे जाऊन कोणत्या बाजूला, जबड्याच्या कोणत्या भागाला किती ग्रे मिळाले, हे लिहून घ्या. त्याची एक प्रत मामांच्या खिशात कायम असू द्या.

दाढ न काढताही दुखणं थांबवता येतं. रूट कॅनल करायचं, वरचा किडलेला भाग हिरडीपाशी कापून गुळगुळीत करायचा आणि मुळं हाडात तशीच ठेवायची. दिसायला बरं नाही, पण हाडाला धक्का लागत नाही. काढणं टळतच नसेल तर ते जबड्याच्या सर्जनने, शेक देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून, हाडाला कमीत कमी इजा करून, टाके घालून आणि जखम भरेपर्यंत बघत राहून करायचं काम आहे. बेळगावात दंत महाविद्यालय आहे, तिथे असे सर्जन भेटतात.

मिश्री आजपासून बंद. आत्तींना माझ्या नावानं सांगा. ज्या तोंडात तंबाखूनं एकदा कॅन्सर केला, त्याच तोंडात पुन्हा तंबाखू ठेवायचा नाही. लवंगेचं तेलही नको, कोरड्या कातडीला भाजतं.

दात का तुटतायत तेही सांगतो. लाळेच्या ग्रंथी शेकात सापडल्या की लाळ घटते, उरते ती चिकट. लाळ दातावरचं आम्ल धुते, ते काम थांबतं. मग कीड अशा जागी लागते जिथे एरवी लागत नाही : हिरडीलगत गोल पट्टा, दाढांची टोकं, खालचे पुढचे दात. त्यात लिंबाच्या गोळ्या म्हणजे आम्ल आणि साखर दोन्ही, दिवसभर. त्या सोडा. घोट घोट साधं पाणी प्यायला द्या. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरायला लावा. अल्कोहोल असलेला माउथवॉश नको.

वजन टिकवायला गुळाची नाचणीची आंबील देत असाल तर जरूर द्या, पण एका बैठकीत, आणि लगेच चूळ. दिवसभर घोट घोट नको. गोकाकचा करदंट, ती गूळ-सुकामेव्याची मिठाई, मात्र विसरा, तो दाताला चिकटून बसतो.

सगळ्यात महत्त्वाचं फ्लोराइड. मामांच्या दातांचं माप घेऊन मऊ प्लास्टिकचे साचे बनवून घ्या. त्यात 1.1 टक्क्याचं न्यूट्रल सोडियम फ्लोराइड जेल घालून रोज रात्री पाच ते दहा मिनिटं लावायचं, मग थुंकायचं, अर्धा तास पाणीसुद्धा नाही. तोंडात स्वतःचे दात आहेत तोवर, म्हणजे जन्मभर. दर तीन महिन्यांनी दातांची तपासणी.

आणि तोंड किती उघडतं ते आज बघा. त्यांची स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत. जात नसतील तर आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, दिवसातून बऱ्याच वेळा, जमेल तशी एकेक वाढवत. तोंड उघडलं नाही तर रूट कॅनलही करता येत नाही. जिभेला हाडाचं खरखरीत टोक लागलं किंवा खालचा ओठ बधिर झाला, तर तपासणीची वाट न बघता त्याच दिवशी निघा.

प्रश्न : भावाचे शेक पुढच्या महिन्यात सुरू होणार. त्याआधी तीन दाढा काढायला सांगितल्यात. त्या दुखत नाहीत, तरी का? (खानापूर)

उत्तर : वर लिहिलंय त्याचसाठी. वाचणार नाहीत अशा दाढा आत्ताच काढल्या तर हाड अजून धड आहे, भरून येईल. जखम भरायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून उद्याच जा. शेकाची तारीख दाताच्या डॉक्टरांना सांगा आणि साच्यांचं माप त्याच भेटीत द्या.