जमिनीखाली सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथेच आहे हे वरून कसं कळतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: हवेत जाऊ नये म्हणून जमिनीत पुरलेला हा वायू हलला नाही हे कसं ओळखतात, आणि मुंबईजवळ असं केलं तर कोयनेसारखा भूकंप होईल का. अंधेरीच्या एका ऑफिसात बारा वर्षं सेस्मिक, म्हणजे जमिनीतल्या लहरींचा, डेटा प्रोसेस करतोय, तेवढ्या अधिकारात सांगतो.

बाथरूमची टाइल पोकळ आहे का हे मिस्त्री नाण्याने ठोकून बघतो. आमचंही तेच. बोटीवरून एअरगनचा, म्हणजे दाबलेली हवा एकदम सोडून, धक्का द्यायचा, खालच्या थरांवर आपटून येणाऱ्या लहरी लांब केबलवर टिपायच्या, त्यातून चित्र काढायचं. पण वायू भरण्याआधीचं चित्र हातात हवंच. पुढे काही वर्षांनी तसंच दुसरं काढून वजाबाकी करायची. माझे निम्मे दिवस भरती-ओहोटी, पाण्याचं तापमान आणि बोटीची हुकलेली वाट यांनी आलेला खोटा फरक पुसण्यात जातात.

नॉर्वेच्या समुद्रात स्लाइप्नर या वायूक्षेत्रात 1996 पासून पुढची बरीच वर्षं दरवर्षी साधारण 10 लाख टन वायू वालुकाश्मात सोडला. 1994 च्या चित्रात तिथे डोळ्यात भरण्यासारखं काही नाही. 1999 च्या चित्रात त्याच जागी एकावर एक ठळक रेषा! वर चढणारा वायू वाळूतल्या मातीच्या पातळ थरांखाली अडकत गेला होता. असे नऊ थर मोजलेत. गंमत त्यांच्या खाली आहे. तिथला खडक खचल्यासारखा दिसतो. खचलेलं काहीच नसतं. खाऱ्या पाण्याच्या जागी वायू आला की लहरी मंदावतात, उशिरा परततात, आणि तो उशीर चित्रात खोली म्हणून उमटतो. नवा माणूस इथे हमखास फसतो, मीही फसलोय.

वायू कुठे आहे ते असं छान कळतं. किती आहे, ते नाही. थोडा शिरला तरी वेग धाडकन उतरतो, नंतर कितीही भरा, फारसा हलत नाही.

आता कोयना. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपामागे धरणाच्या पाण्याने खडकातल्या भेगांत वाढलेला दाब होता असं मानतात. वायू भरतानाही दाब वाढतो, तेव्हा तुमची भीती खुळी नाही. म्हणून नुसतं चित्र पुरत नाही, सतत कान लावून बसावं लागतं. अमेरिकेत डिकेटरला 2011 ते 2014 मध्ये 10 लाख टन भरताना खोल बोअरविहिरीत उतरवलेल्या जिओफोननी, म्हणजे जमिनीची थरथर टिपणाऱ्या यंत्रांनी, हजारो बारीक हादरे पकडले. विहिरीतच का? एकदा कुर्ल्यात आमच्या चाळीच्या अंगणात मी जिओफोन खोचला होता. लोकल गेली की स्क्रीन नुसती काळी. वरचा हा गोंगाट खोल विहिरीत कमी पोचतो. दाबावरही नजर ठेवावी लागते. नॉर्वेतच स्नोव्हिटला 2008 मध्ये काम सुरू झालं आणि दाब अंदाजापेक्षा भराभर चढला, तेव्हा 2011 मध्ये वायू दुसऱ्या थरात वळवला.

मुंबईची अडचण वेगळी: पायाखाली बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ. त्यात लहरी विखुरतात, खालचं धड दिसत नाही. पण बेसॉल्टचा एक गुण आहे. आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पात 2012 मध्ये वायू पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला. दोन वर्षांच्या आत 95 टक्क्यांहून जास्त खनिज, म्हणजे दगडच, झाला. हे कळलं विहिरीतलं पाणी तपासून. तिथला एक पंप मध्येच बंद पडला. वर काढला तर त्यावर तेच खनिज, कॅल्साइट, चढलेलं, बोअरच्या पाण्याने आपल्या गीझरच्या कॉइलवर चढतं ना, तसं.