सहा लाखांत पुटचे किती लॉट विकावेत?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. शेअर १,००० रुपयांवर, लॉट (एका सौद्यातल्या शेअरची ठरलेली संख्या) ६०० चा. याच महिन्याचा ९०० चा पुट ऑप्शन २५ रुपयांना विकता येतोय, म्हणजे मुदत संपताना (एक्सपायरीला) भाव ९०० च्या खाली असेल तर शेअर ९०० ला घेण्याची हमी द्यायची आणि त्याबद्दल शेअरमागे २५ रुपये प्रीमियम घ्यायचा. ब्रोकर एका लॉटला साधारण १ लाख ४० हजार मार्जिन, म्हणजे तारण रक्कम, अडकवतो आणि तुमच्याकडे ६ लाख आहेत. म्हणजे ४ लॉट, ६० हजार प्रीमियम, महिन्याला १० टक्के. शेअर १० टक्के पडेपर्यंत धक्का नाही, आणि पडलाच तर ‘शेअर घेऊन टाकू, कंपनी चांगलीच आहे’. यात काही चुकतंय का, असं विचारलंय.

चुकतंय ते शेवटचं वाक्य. चार लॉट म्हणजे २,४०० शेअर. ९०० च्या भावाने त्यांचे होतात २१ लाख ६० हजार. घेऊन टाकू म्हणता, पण कशाच्या जोरावर?

तुम्ही पाहिलेला व्हिडिओ अमेरिकेतला असणार. तिकडे एक कॉन्ट्रॅक्ट १०० शेअरचं असतं आणि कॅश-सिक्युअर्ड पुट विकला की ब्रोकर स्ट्राइकच्या, म्हणजे ठरलेल्या भावाच्या, हिशेबाने अख्खी रक्कम बाजूला काढून ठेवतो. तुम्हाला मोह झाला तरी त्या पैशाला हात लावता येत नाही. आपल्याकडे ही सोय नाही. एक्स्चेंज स्पॅन आणि एक्स्पोजर मार्जिन, म्हणजे जोखमीच्या अंदाजाएवढीच रक्कम, घेतं, उरलेले पैसे खात्यात मोकळे दिसतात, आणि मोकळे पैसे दिसले की माणूस दुसरा लॉट विकतो. पुट कॅश-सिक्युअर्ड ठेवायचा की नाही हे इथे फक्त तुमच्या हातात आहे. ९०० चा एक लॉट म्हणजे ५ लाख ४० हजार बाजूला. तुमच्या ६ लाखांत एकच लॉट बसतो. प्रीमियम १५ हजार, म्हणजे अडकलेल्या रकमेवर पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. दहा टक्क्यांच्या स्वप्नातून इथवर येणं जड जातं, मला कल्पना आहे.

आता ‘१० टक्के खाली आहे, सेफ आहे’ याबद्दल. २५ रुपयांच्या प्रीमियमवरून उलटा हिशेब केला तर या शेअरची इम्प्लाइड व्होलॅटिलिटी (प्रीमियममधून दिसणारा भावाच्या चढउताराचा अंदाज) ५८ टक्क्यांच्या आसपास निघते. हा आकडा वर्षाचा. महिन्याचा काढायला त्याला १२ च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण साडेतीनने भागा. आले जवळपास १७ टक्के. म्हणजे बाजाराच्या मते या शेअरने महिन्याभरात १७ टक्के वर किंवा खाली जाणं ही रोजच्या जेवणातली गोष्ट आहे, आणि तुम्ही १० टक्क्यांवर कुंपण घातलंय. याच गणिताने एक्सपायरीला शेअर ९०० च्या खाली असण्याची शक्यता दहात तीनच्या घरात येते. प्रीमियम जाड दिसतो तो उगाच नाही. समोरचा २५ रुपये देतोय ते त्यालाही हे गणित येतं म्हणून.

एक खरं उदाहरण घेऊ. १० मार्च २०२५ ला इंडसइंड बँक ९०० च्या आसपास बंद झाला. त्या संध्याकाळी बँकेने डेरिव्हेटिव्हच्या हिशेबात तफावत असल्याचं जाहीर केलं. तिचा परिणाम निव्वळ मूल्याच्या २.३५ टक्के असेल असा अंदाज होता. दुसऱ्या दिवशी शेअर २७ टक्के पडून ६५६ च्या आसपास बंद. खाली उतरायला मधे पायरीच नव्हती, आणि स्टॉपलॉस (ठरावीक तोट्यावर आपोआप बाहेर पडायचा आदेश) असल्या वेळी कागदावरच राहतो. समजा कुणी ८५० चा पुट १५ रुपयांना विकला होता आणि लॉट ५०० चा धरला, तर मिळालेले साडेसात हजार वजा करूनही त्या दिवशी लॉटमागे जवळपास ९० हजारांचा खड्डा. बारा महिन्यांचा प्रीमियम एका सकाळी गेला.

पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. मार्जिनवर चार लॉट विकलेल्या माणसाला त्या दिवशी साडेतीन लाखांचा तोटा दिसला, वर मार्जिनही वाढलं. पैसे भरता आले नाहीत तर ब्रोकर पोझिशन कापतो, आणि ती सगळ्यात वाईट भावाला कापली जाते. एकच लॉट विकून पूर्ण पैसे बाजूला ठेवलेल्याला ११ तारखेला काहीच करायची गरज नव्हती. एक्सपायरीला त्याच्याकडे शेअर आले, प्रीमियम वजा जाता ८३५ ला, आणि भाव होता साडेसहाशेच्या आगेमागे. तोटा मोठाच. पण एप्रिलच्या शेवटी तोच शेअर पुन्हा ८३० च्या वर होता. धक्का दोघांना एकच बसला, पण वाट बघायची मुभा एकालाच होती.

लगेच ‘म्हणजे थांबलं की भाव परत येतो’ असा अर्थ काढू नका. येस बँक आठवा. ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने निर्बंध लावले, दुसऱ्या दिवशी शेअर ५६ टक्के पडून १६ रुपयांवर. पुढे पुनर्रचनेची योजना आली तेव्हा ज्यांच्याकडे १०० हून जास्त शेअर होते, त्यांचे ७५ टक्के तीन वर्षांसाठी गोठवले गेले. पूर्ण पैसे बाजूला ठेवल्याने जबरदस्तीची विक्री टळते. चुकीची कंपनी त्याने बरोबर होत नाही.

माझं स्वतःचं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मिडकॅपचे दोन पुट विकले, पैसे एकाचेच होते. दुसरा लॉट ‘एक्सपायरीआधी कापू’ या हिशेबाने. शेअर पडला, पुट खोल आत गेला (म्हणजे भाव स्ट्राइकच्या खूप खाली), आणि तिथे खरेदी-विक्रीच्या भावात सहा-सात रुपयांचं अंतर. पुढच्या महिन्यात रोल करायला (हा पुट बंद करून पुढच्या महिन्याचा विकायला) गेलो तर शेअर बॅनमध्ये, म्हणजे सौदे मर्यादेपलीकडे गेल्याने एक्स्चेंजच्या बंदीत. बॅनमध्ये पोझिशन कमी करता येते, नवी घेता येत नाही, त्यामुळे रोलचा अर्धा भागच बंद. शेवटी मुदतठेव मोडून डिलिव्हरी घेतली. घरी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. अस्थिर शेअर बॅनमध्ये जायची शक्यता मुळातच जास्त असते, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

व्यवहारातल्या दोन-तीन गोष्टी. शेअरच्या फ्युचर्स-ऑप्शनमध्ये (एफ अँड ओ) ऑक्टोबर २०१९ पासून सगळीकडे फिजिकल सेटलमेंट आहे, म्हणजे हिशेब फरकाच्या पैशात नाही, प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन. एक्सपायरीला ८९९ भाव लागला तरी ६०० शेअर घ्यावे लागतात. आपले ऑप्शन युरोपियन पद्धतीचे असल्याने त्याआधी कुणी शेअर गळ्यात मारत नाही, अमेरिकेत ती भीतीही असते. शेवटच्या काही दिवसांत मार्जिन चढत जातं, तेव्हा पैसे आधीच तयार हवेत. बाजूला काढलेली रक्कम लिक्विड फंडात ठेवून प्लेज करता येते (ब्रोकरकडे तारण ठेवता येते), ती रोखीसारखीच धरली जाते आणि थोडं व्याजही सुटतं. मात्र डिलिव्हरीला खरी रोख लागते, म्हणून दोन-तीन दिवस आधी सोडवून घ्या. कर भरताना हा प्रीमियम धंद्याच्या उत्पन्नात जातो, आयटीआर-३ भरावा लागतो. नोकरी करत असाल तर आपल्या सीएला आधीच सांगून ठेवा, शेवटच्या घाईत नको.

तुमच्या जागी मी असतो तर? एकच लॉट. ९०० ऐवजी ८५० चा स्ट्राइक, म्हणजे ५ लाख १० हजार अडकतील. प्रीमियम बराच कमी मिळेल, मिळू दे. त्याआधी एका कागदावर लिहीन: उद्या सकाळी वाईट बातमीसह हा शेअर ७०० ला उघडला तर ६०० शेअर मला ठेवावेसे वाटतील का? ‘नाही’ आलं तर हा पुट कुठल्याच भावाला विकायचा नाही. आणि तिमाही निकाल एक्सपायरीच्या आत असतील तर निकाल लागेपर्यंत हात बांधून बसेन. निकालाआधी प्रीमियम फुगलेला असतो, कारण नेमकी तीच जोखीम त्यात भरलेली असते.

कंपनीचं नाव तुम्ही दिलं नाहीत, ते ठीक. निकालाची तारीख तेवढी टाका, म्हणजे या महिन्याचा पुट बघायचा की पुढच्या, ते बोलता येईल.